खांबापासून चार पावलं

६ मे, शनिवार

सातवं घर. नको!

एजंटने पाठवलेल्या फोटोत खिडकीतून झाडं दिसत होती. खरी झाडं! प्रत्यक्षात रुआकामधली पाच मजली बिल्डिंग, आणि खिडकीसमोर दुसऱ्या पाच मजली बिल्डिंगची भिंत. हात बाहेर काढला तर शेजारणीचा टॉवेल हाताला लागतो. मी विचारलं, झाडं कुठेत? म्हणतो, "गच्चीवर चला मॅडम, तिथून दिसतात." दिसली. लांब, लिमुरूच्या बाजूला, धुक्यात एक हिरवी रेघ. मी बोट केलं, "मला तिकडे राहायचंय." तो हसायलाच लागला. "तिकडे माणसं राहत नाहीत, तिकडे चहा राहतो."

आत्ता दुपारचा एक वाजलाय आणि मी दिवा लावून लिहितेय. ह्या पाइपलाइन वस्तीतल्या खोलीत सूर्य कधी आलाच नाही. तीन वर्षं! मी बटाट्यासारखी पांढरी पडणार आहे.

७ मे

आईचा फोन. "लग्न न झालेली पोर खेड्यात एकटी राहणार? लोक शहरात यायला धडपडतात आणि तू उलटी निघालीस." म्हटलं, मला स्ट्रॉबेरी लावायच्यात. "सुपरमार्केटात मिळतात." ठेवला फोन.

१३ मे, शनिवार

मिळालं!! मिळालं मिळालं मिळालं!

एजंट नाही, काही नाही. सरळ लिमुरूची मटाटू पकडली आणि जिथे चहाचे मळे सुरू झाले तिथे ओरडले, "उतरायचंय!" कंडक्टर म्हणाला, इथे स्टॉप नाही. मी म्हटलं, आता आहे. चालत सुटले. गाव गिथिमा. लाल वाट, दोन्ही बाजूंना चहा, थंडी अशी की नाकातून पाणी. समोरून एक बाई दुधाचा कॅन डोक्यावर घेऊन येत होती.

"नैरोबीची ना तू?"

"कशावरून?"

"बूट पांढरे आहेत. अजून तासभर."

ही तेरेसिया. चाळिशीची असेल. सकाळी चहाची पानं खुडते, दुपारी म्वालिमूच्या गाई बघते, आणि दिवसभर बोलते. भाड्याने घर कुठे आहे का विचारलं तर म्हणाली, म्वालिमूकडे आहे, पण तो परीक्षा घेतो.

आणि खरंच घेतली! म्वालिमू म्हणजे मास्तर. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. खरं नाव किबाथी, पण ते कोणी वापरत नाही. स्वेटर, टाय, पायात गमबूट. मला टेबलासमोर बसवलं. दारू पितेस का? रेडिओ किती मोठा लावतेस? स्वयंपाक कशावर करतेस? मी किकुयूत उत्तरं द्यायला गेले आणि दुसऱ्याच वाक्यात इंग्रजीवर घसरले. त्याने हात वर केला.

"वाक्य पूर्ण कर."

केलं. कसंबसं.

"आपली भाषा तू पाहुण्यासारखी बोलतेस," म्हणाला. "दारातच उभी. आत ये म्हटलं तरी येत नाहीस."

तेरेसिया दारामागून हसली. मला वाटलं, नापास. पण त्याने किल्ली काढली.

घर लाकडी फळ्यांचं, पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या. म्वालिमूने मुलासाठी बांधलेलं. मुलगा कॅनडात गेला तो तिकडचाच झाला. मागे पाण्याची टाकी, टाकीच्या मागे म्वालिमूचं घर. समोर दार, तीन पायऱ्या, कपडे वाळत घालायची दोरी, मोकळं गवत. गवताच्या पुढे गिताहीचं रान. गिताही म्हणजे म्वालिमूचा चुलत भाऊ. त्याची दुधाची पिकअप आहे. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. का, ते विचारलं तर तेरेसिया म्हणाली, "आधी राहायला ये, मग ऐक. एकाच दिवशी सगळं खाल्लं तर पोट बिघडतं."

खिडकीतून ऊन येतं. फरशीवर पडतं. मी त्यात उभी राहिले!

१ जून, गुरुवार

आले. गादी, शेगडी, दोन पातेली, अकरा कुंड्या. ड्रायव्हर म्हणाला, "संसार कुठाय?" म्हटलं, हाच.

३ जून

पहाटे पाचला उठून दवाखान्यात जावं लागतं. दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते मी, वेस्टलँड्सला. मटाटूत दीड तास. म्वेनी, माझ्या शेजारी बसते ती, म्हणाली, "वेडी आहेस. आणि तुला धुराचा वास येतो." मला आवडतो तो वास!

रात्री इथे काही म्हणजे काहीच ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी त्यानेच जाग आली.

११ जून, रविवार

हात उचलत नाहीयेत. पण लिहिणारच!

आज बाग केली. म्वालिमू कालपासून न्येरीला एका लग्नाच्या बोलणीला गेलाय, तेरेसिया बहिणीकडे नैवाशाला. म्हटलं, परत येतील तर बघतच राहतील. घरासमोरचा सगळा पट्टा खणला. तिथे लिलीची सात जुनी झुडपं होती, दोरीच्या खांबापासून बरोबर चार पावलांवर (मोजली, वाफ्यांचा नकाशा काढायचा होता म्हणून). एका रेषेत उभी. शाळेत प्रार्थनेला पोरं उभी करतात तशी. पानं लांब, लोळणारी. फुलं पांढरी, प्रत्येक पाकळीवर गुलाबी पट्टा. सुंदर आहेत, पण नेमकी सगळ्यात जास्त उन्हाच्या जागी! स्ट्रॉबेरीची जागा अडवून! आणि अशी सरळ रेषेत कोण लावतं? काही कल्पनाच नाही लोकांना.

कांदे केवढे! नारळाएवढे. हातभर खोल. एकेक काढायला वीस मिनिटं. शेवटचा तर येईचना, मी जमिनीवर बसून दोन्ही पाय रेटून ओढला आणि उताणी पडले. मग सगळं सारखं केलं, शेण घातलं, स्ट्रॉबेरीचे तीन वाफे, कडेला सुकुमाची पालेभाजी. चार लिल्या रंगाच्या रिकाम्या डब्यांत घालून पायरीवर मांडल्या. तीन म्वेनीला देणार.

मध्येच गिताहीची पिकअप रस्त्यावर थांबली. त्याने काच खाली केली. बघितलं. बराच वेळ बघितलं. मी हात केला. काच वर, गेला. काय माणूस आहे!

आधीचा फोटो काढायचा राहिला. नंतरचे चौदा काढले.

१२ जून

कंबर!! म्वेनी लिल्या बघून खूश.

१४ जून, बुधवार

संध्याकाळी घरी आले तर तेरेसिया माझ्या वाफ्यांसमोर उभी. परत आली वाटतं! मी मागून जाऊन म्हटलं, "कसं दिसतंय?"

ती काही बोलली नाही. तेरेसिया! काही बोलली नाही!

मग हळू आवाजात: "इथले इतोका कुठे गेले?"

"इथले काय?"

तिने पायरीवरचे डबे बघितले. तिचा हात तोंडावर गेला. "नैरोबी, नैरोबी... हे तू काय केलंस. कोणी बघितलं?"

"गिताहीने."

ती खाली बसली. तिथेच, वाफ्यात, माझ्या स्ट्रॉबेरीवर.

ते शोभेचं झाड नाही. ती हद्द आहे. किकुयू माणूस आपल्या जमिनीची हद्द इतोका लावून दाखवतो. भिंत नाही, तार नाही, इतोका. सगळी झाडं मरतात तेव्हा तो जगतो, वणव्यात पानं जळाली तरी कांदा पुन्हा फुटतो, आणि कोणी त्याला हात लावत नाही. गाईसुद्धा खात नाहीत. "चोर गाईला हात लावेल," तेरेसिया म्हणाली, "पण इतोकाला नाही. इतोका फक्त दोन प्रकारची माणसं उपटतात. एक, ज्याला भावाची जमीन खायची असते. दुसरी — दुसरी आजपर्यंत नव्हती. आता तू आहेस."

१५ जून, गुरुवार

मी किकुयू आहे. वांगेची. बापाच्या आईचं नाव. आणि मी इतोका उपटले, कारण स्ट्रॉबेरीला ऊन हवं होतं.

दवाखान्यात एका पेशंटला दोनदा चुकीची तारीख दिली.

म्वालिमू न्येरीहून आलाय. मला बघितलं, नमस्कार केला, आत गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१७ जून, शनिवार

गिताही आला. सकाळी आठलाच. सोबत दोन गडी आणि सुतळीचं बंडल. माझ्या घराच्या मागे टाकीपाशी खुंटी ठोकली आणि सुतळी ओढत रस्त्यापर्यंत नेली. म्हणजे माझं घर सुतळीच्या त्या बाजूला! त्याच्या बाजूला!

म्वालिमू बाहेर आला. टाय घातलेला. चहाचा कप हातात.

"काय मोजतोस, गिताही?"

"माझा बाप सांगायचा ते. टाकीपर्यंत आपलं."

"तेव्हा टाकी नव्हती."

"तेव्हा तुझ्या पोराचं घरही नव्हतं. आता रेषाही नाही. तुझ्या भाडेकरणीने पुसली. देव तिचं भलं करो."

मी मध्ये पडले. म्हटलं, नकाशा असेल ना, सरकारी, मोजणीचा! दोघांनी माझ्याकडे बघितलं, एकाच वेळी, एकाच चेहऱ्याने. किती सारखे दिसतात! गिताही म्हणाला, "नकाशावरची रेघ माझ्या पिकअपच्या चाकाएवढी जाड आहे, मुली. सरकार म्हणतं, खरी हद्द जागेवर बघा, झाडं कुठे आहेत ते बघा."

झाडं माझ्या पायरीवर डब्यात होती.

गिताहीला तिथे चार मजले चढवायचेत. फ्लॅट. एजंटसुद्धा येऊन गेलाय म्हणे. मी सांगू शकते फोटो कसा काढतील ते — खिडकीतून झाडं दिसतील.

१८ जून, रविवार

आईला फोन केला. सगळं सांगितलं. आधी कळलंच नाही तिला, मग एकदम: "उपटलेस? इतोका? हाताने?"

"कुदळीने."

"अगं पण तुला माहीत नाही का..."

"कोण सांगणार होतं, आई?"

तिकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आम्ही म्हटलं, पोरीचं इंग्रजी पक्कं होऊ दे. घरात किकुयू बोललीस तर मीच ओरडायचे. बाकीचं आपोआप येईल असं वाटलं. रक्तातून." आणि मग: "नाही येत ना रक्तातून."

मला रडू आलं आणि तिलाही. मग ती म्हणाली, "मेंढा घ्यावा लागेल. जो उपटतो त्याचा मेंढा. हे मला आठवतंय."

२० जून

म्वेनीच्या घरी गेले लिल्या परत मागायला. तिने दोन लावल्या होत्या, तिसरी सासूला दिली होती. सासू रोंगाईला. गेले रोंगाईला! सासू मोम्बासाकडची, म्हणाली, "एवढ्यासाठी आलीस? दुकानात मिळत नाहीत?" म्हटलं, नाही, ही दुकानात मिळत नाही. परतीच्या मटाटूत कांदा मांडीवर. एकजण म्हणाला, "ताई, रताळ्याची माती सांडतेय."

सातही परत आलेत.

२५ जून, रविवार

म्वालिमूने चहाला बोलावलं. टेबलासमोर तीच खुर्ची.

मी किकुयूत पाठ करून गेले होते — "माझी चूक झाली, मला माफ करा, मी अज्ञानी आहे." त्याने वाक्य पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाला, "अज्ञानी नाही. न शिकवलेली. फरक असतो. मी मास्तर आहे, मला कळतो."

८ जुलैला गावातले वडीलधारे येणार. तिघं. ते दोन्ही बाजूंचं ऐकणार, आणि मग इतोका पुन्हा लावणार. लावले की संपलं, त्यानंतर कोणी शब्द काढायचा नाही. पण म्वालिमूचं ऐकून आणि गिताहीचं ऐकून काय होणार? त्याचं एक, ह्याचं एक. तेरेसिया कपडे तिकडे वाळत घालत नाही, तिला नक्की जागा आठवत नाही. उपटले कोणी? मी. मग कुठून उपटले ते मीच दाखवायचं. हातात माती घेऊन.

"आणि मी सांगितलं ते धरतील?"

"तुझी इथे जमीन नाही, नातं नाही. तुझं ऐकतील."

"पण माझं घर..."

"गिताहीचं खरं ठरलं तर घर त्याच्याकडे जाईल. तो पाडेल."

एवढं सरळ म्हणाला. कपात बघत. मी म्हटलं, मी काय सांगू? त्याने बराच वेळ कप फिरवला. मला वाटलं, आता तो काहीतरी मागणार. पण नाही.

"होते तिथे दाखव," म्हणाला. "बस. तू बघितलंस ते."

कसला माणूस आहे! एवढी जमीन जाईल आणि एक शब्द जास्त नाही. घरी येऊन ११ जूनचं पान काढलं. आहे. खांबापासून चार पावलांवर.

१ जुलै, शनिवार

थंडी. चहाच्या मळ्यांवर दिवसभर धुकं. तेरेसियाबरोबर मेंढा आणायला बाजारात गेले. मेंढा मटाटूत! कंडक्टर म्हणाला, ह्याचं तिकीट लागेल. तेरेसिया म्हणाली, "का? तो बसलाय का? उभा आहे." मेंढ्याने पूर्ण वेळ माझ्या बाहीचं बटण चघळलं.

उतरल्यावर वाटेत तेरेसिया म्हणाली, "नैरोबी, तुझी पावलं लहान आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे चार पावलं तुझी. म्वालिमूची असती तर तीन. एखाद्या उंच माणसाची मोजली तर... आणि कोण सांगतं चारच होती? सहा असतील. सहा म्हटलीस तर गिताहीच्या रानातलं ते आवाकाडोचं झाडही इकडे येतं. म्हाताऱ्याला वर्षाला त्याचे शंभर आवाकाडो मिळतील."

मी काही बोलले नाही. मेंढा बोलला.

"मी काय खोटं बोल म्हणत नाहीये," ती म्हणाली. "पाय जरा लांब टाक म्हणतेय."

हसू आलं. पण मग घरी येऊन बसले तेव्हा नाही आलं. मी ते पान फाडलं तर? कोणाला कळणार? म्वालिमूला दोन पावलं जास्त मिळाली तर माझ्या चुकीची भरपाई होईल. झालं ना मग!

पान आहे. अजून आहे.

५ जुलै, बुधवार

संध्याकाळी स्टॉपवर उतरले तर गिताही पिकअप घेऊन उभा. "बस, सोडतो." बसायचं नव्हतं, पण पाय दुखत होते आणि धुकं होतं.

माझ्याकडे न बघता बोलत होता. गाडीत दुधाचा आंबूस वास. "तू वाईट मुलगी नाहीस. तू उपटत होतीस ना, मी बघितलं. वाटलं, थांबवावं. मग वाटलं, कशाला? माझा बाप ती रेष बघत बघत मेला. ती एकदाची गेली."

मग: "आठवत नाही म्हण. एवढंच. खोटं नको बोलू. फक्त आठवत नाही म्हण. मग वडीलधारे मधून रेष काढतील. निम्मं निम्मं."

"आणि माझं घर?"

"निम्म्यातून रेष गेली तर तुझ्या पलंगावरून जाईल," आणि हसला. पहिल्यांदा हसलेला बघितला. दात चांगले आहेत. म्हणाला, "डोकं त्याच्याकडे, पाय माझ्याकडे."

मी म्हटलं, मला आठवतं.

तो म्हणाला, "हो. तसंच वाटलं." आणि मला माझ्या दारापर्यंत सोडलं.

एक कळत नाही. लबाड माणूस असं निम्मं मागतो का?

८ जुलै, शनिवार

झालं.

तिघं आले. सगळ्यात म्हातारा न्दिरांगू, काठी, एका डोळ्याला दिसत नाही. दुसरा चर्चवाला म्हातारा, तो म्हणाला, मेंढा कशाला, प्रार्थना पुरे. तिसरा म्हणाला, प्रार्थनेने पोट भरत नाही. वाद झाला. मग दोन्ही करायचं ठरलं. मेंढा कापला तेव्हा मी टाकीमागे गेले. त्याने माझं बटण खाल्लं होतं.

आधी म्वालिमू बोलला. छोटंसं: "मी शाळेत असल्यापासून ते तिथेच बघतोय." मग गिताही: "माझा बाप सांगायचा, टाकीपर्यंत." न्दिरांगू म्हणाला, "बाप सांगायचा. तू बघितलंस का?" गिताही म्हणाला, "नाही. मी जन्मलो तेव्हा ते तिथेच होते."

मग मला पुढे बोलावलं. अख्खं गाव गोळा झालेलं. चहा खुडणाऱ्या बायका टोपल्या पाठीवर तशाच. कुणीतरी म्हणालं, "हीच ती स्ट्रॉबेरी." न्दिरांगूने माझ्या हातात माती दिली. ओली, थंड. "कुणाच्या भीतीने बोलू नकोस आणि कुणाच्या प्रेमाने पण बोलू नकोस."

खांबाला पाठ लावली. एक. दोन. तीन. चार. नेहमी टाकते तशीच टाकली. तेरेसियाने डोळे मिटले होते, मी बघितलं.

"इथे," म्हटलं. "सात होते. पहिला इथे, शेवटचा तिथे दगडापाशी. तो निघत नव्हता. मी पडले."

लोक हसले. न्दिरांगू हसला नाही. त्याने काठीने माती उकरली, खाली अजून मुळांचे तुकडे होते, पांढरे, जिवंत. "मुलगी खरं सांगते," म्हणाला.

सगळं मी किकुयूत बोलले. सगळी वाक्यं पूर्ण! घरी आल्यावर लक्षात आलं.

लावताना न्दिरांगूने मेंढ्याच्या पोटातला पाला त्या रेषेवर शिंपडला आणि चर्चवाल्याने प्रार्थना केली, दोघांनीही एकमेकांकडे न बघता. सात कांदे गेले मातीत. माझ्या स्ट्रॉबेरी सगळ्या गेल्या, जाऊ देत. घर राहिलं! माझं घर राहिलं!

गिताहीने टोपी काढली. माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता बोलणार काहीतरी. "तू बघितलंस ते सांगितलंस," म्हणाला. "तुझ्यावर राग नाही." आणि म्वालिमूकडे वळला. हात पुढे केला. इतक्या वर्षांनी! म्वालिमूने हात दिला, पण बघत होता खाली. जमिनीकडे.

मांस वाटलं. म्वालिमूने खाल्लं नाही. दात दुखतो म्हणाला. सोमवारी दवाखान्यात नंबर लावून देते म्हटलं तर "नको, मुली, नको," म्हणत आत गेला.

९ जुलै, रविवार

म्वालिमू चर्चला गेला नाही. तेरेसिया म्हणते, तीस वर्षांत पहिल्यांदा. दार लावलंय. तिने दलिया नेला तर म्हणाला, ठेव तिथे. संध्याकाळी तो तिथेच होता, वर साय धरलेली.

मी दार वाजवलं. आतून आवाज: "वांगेची, तू पावलं मोठी का नाही टाकलीस?"

म्हटलं, "तुम्हीच सांगितलंत ना, होते तिथे दाखव."

दाराखालचा उजेड गेला.

१० जुलै

मी काय चुकीचं केलं? त्याला आवाकाडो हवा होता का? सरळ सांगायचं ना मग! दिवसभर दवाखान्यात हेच डोक्यात. म्वेनी म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना जिंकल्यावर पण वाईट वाटतं. म्हटलं, का? म्हणाली, मला काय माहीत, मी कधी जिंकले?

११ जुलै, मंगळवार

दवाखान्यात गेले नाही.

सकाळी मागच्या खिडकीतून आवाज आला. कुदळीचा. टाकीपाशी म्वालिमू गुडघ्यांवर बसलेला, टाय घातलेला, बाजूला शनिवारी लावलेले सात कांदे, मुळांना ओली माती. समोर गिताही, दुधाचा कॅन तसाच हातात.

"मोजणीचं वर्ष होतं," म्वालिमू म्हणाला. माझ्याकडे न बघता. "मी आठ वर्षांचा. ह्याचा बाप गोऱ्यांच्या छावणीत कैद. माझ्या बापाने इतोका उपटले, आता टाकी आहे तिथून तिकडे नेले, आणि मी धरले. एकेक कांदा मी धरला. पासष्ट वर्षं कोणी विचारलं नाही."

मग म्हणाला, "तू जिथे दाखवलंस तिथेच होते ते. पावलं मोठी टाकली असतीस तर मला उठून बोलावं लागलं असतं; पण तू खोटं नाही बोललीस. मी तुझ्या खऱ्याच्या मागे लपलो."

खड्डा तयार होता. कांदा सरळ बसेना.

माझं घर आता गिताहीच्या जमिनीत आहे.

मी खिडकीतून उतरले, त्याच्या शेजारी मातीत बसले, आणि कांदा धरला.